एका भांड्यात का भागत नाही? : टप्प्याटप्प्याच्या रिॲक्टरविषयी वाचकांचे प्रश्न

इंधने आणि औद्योगिक रसायने यांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक शंका निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते: अभिक्रिया एकच असताना ती तीन-चार टप्प्यांत का घडवून आणतात? या वेळी त्याच विषयावरचे पाच प्रश्न घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे थोडक्यात सांगितल्याने गैरसमजच वाढले असते.

प्रश्न : मी सल्फ्युरिक ॲसिडच्या प्लांटमध्ये काम करतो. आमच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होतो त्या भांड्यात, उत्प्रेरकाचे (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचे) चार पास, म्हणजे थर, आहेत. निम्म्याहून जास्त काम पहिल्याच पासमध्ये होते. मग सगळा उत्प्रेरक तेथेच भरून उरलेले तीन पास, त्यांच्यामधले एक्स्चेंजर (वायू थंड करणारी उपकरणे) आणि डक्ट वाचवता येणार नाहीत का? (बोईसर)

उत्तर : नाही. पहिल्या पासमध्ये दुप्पट काय, दहापट उत्प्रेरक भरला तरी रूपांतर जवळजवळ आहे तेथेच राहील. सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्यापासून सल्फर ट्रायऑक्साइड बनताना प्रत्येक मोलमागे सुमारे ९९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पासमध्ये ही उष्णता काढून नेणारी कोणतीही सोय नसल्यामुळे ती सगळी वायूलाच तापवते. वायूत साधारण १० टक्के सल्फर डायऑक्साइड असेल, तर त्या दहापैकी प्रत्येक एका टक्क्याच्या रूपांतराने तापमान अंदाजे २८ ते ३० अंशांनी वाढते. ४२० अंश सेल्सिअसला आत शिरलेला वायू त्यामुळे ६०० अंशांच्या आसपास पोहोचतो. ही अभिक्रिया उलटही होते, आणि तापमान जितके जास्त तितका समतोल, म्हणजे सुलट आणि उलट वेग सारखे होऊन रूपांतर थांबते तो बिंदू, मागे सरकतो. ६०० अंशांना समतोलच मुळी ७० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून साठ-पासष्ट टक्के रूपांतर झाले की पहिला पास थबकतो. उत्प्रेरकाचे काम समतोलापर्यंत लवकर पोहोचवण्याचे आहे. समतोलाची जागा त्याला हलवता येत नाही. तुमच्या प्रस्तावातला जास्तीचा उत्प्रेरक म्हणूनच नुसता पडून राहील आणि वायू ढकलणाऱ्या ब्लोअरवरचा भार मात्र वाढवील.

मग वायू ४२० ऐवजी ३०० अंशांनाच आत का सोडू नये, असे कोणी विचारील. व्हॅनेडियमच्या नेहमीच्या उत्प्रेरकात क्रियाशील घटक कणांच्या छिद्रांमध्ये वितळलेल्या क्षाराच्या रूपात असतो, आणि तापमान ४०० अंशांच्या खाली गेले की त्याचा वेग झपाट्याने घसरतो. सीझियम मिसळलेला उत्प्रेरक ही मर्यादा काही अंशांनी खाली आणतो. ३०० अंशांना मात्र तोही कामाचा नाही. वेगाला उष्णता हवी आणि समतोलाला थंडावा हवा, असा हा पेच आहे. चार पासची रचना त्यातूनच निघाली. वायूला थोडे पुढे जाऊ द्यायचे, बाहेर काढून पुन्हा सव्वाचारशे-साडेचारशे अंशांपर्यंत थंड करायचे आणि पुढच्या पासमध्ये सोडायचे. दुसऱ्या पासनंतर एकूण रूपांतर ८५ ते ९० टक्क्यांवर जाते आणि तिसऱ्यानंतर ९५ च्या आसपास. पुढच्या पासमध्ये काम थोडे उरलेले असले तरी वायू विरळ झालेला असल्यामुळे वेग मंदावतो, म्हणून तेथे उत्प्रेरक पहिल्या पासपेक्षा जास्त भरलेला असतो. तुमच्या प्लांटच्या कागदपत्रांत प्रत्येक पासचे लिटर दिलेले असतील, तेवढे पाहून घ्यावे. ते आकडे तुमच्या प्रस्तावाच्या अगदी उलट निघतील.

चौथ्या पासचे महत्त्व निराळे आहे. १९६० च्या दशकात बायर कंपनीने दुहेरी शोषणाची पद्धत व्यवहारात आणली. तिच्यात तिसऱ्या पासनंतर (काही रचनांत दुसऱ्या) वायू मधल्या शोषण मनोऱ्यात नेऊन तयार झालेला सल्फर ट्रायऑक्साइड ९८ टक्के ॲसिडमध्ये शोषून घेतात. उत्पादन बाहेर काढल्यामुळे उरलेल्या वायूला समतोलाकडे जायला पुन्हा जागा मिळते आणि शेवटच्या पासनंतर रूपांतर ९९.७ टक्के किंवा त्याच्याही वर जाते. एकेरी शोषणाच्या प्लांटला ९८ टक्क्यांवर समाधान मानावे लागत असे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. चिमणीच्या तोंडाशी तो तसा राहत नाही. एक टन ॲसिडसाठी सुमारे ६५३ किलो सल्फर डायऑक्साइड लागतो. त्यातला दोन टक्के निसटला तर टनामागे तेरा किलो हवेत जातो, ०.३ टक्का निसटला तर दोन किलो. ॲसिड प्लांटच्या शेजारच्या वस्तीत ज्यांनी घसा चरचरण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना या दोन आकड्यांमधले अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

पासमधली उष्णता वाया जाते असेही समजू नये. गंधक जाळणाऱ्या प्लांटमध्ये भट्टीची आणि कन्व्हर्टरची उष्णता मिळून टनभर ॲसिडमागे टनाहून अधिक वाफ देते, आणि कित्येक कारखाने त्या वाफेवर वीज तयार करतात. मग पाच किंवा सहा पास का नकोत? प्रत्येक वाढीव पासबरोबर एक्स्चेंजर येतो, दाब आणखी पडतो, ब्लोअरला वीज जास्त लागते. आणि मिळणारे रूपांतर दर टप्प्याला कमी कमी होत जाते. पाच पासचे कन्व्हर्टर आहेत, पण बहुतेकांचा हिशेब चारवर थांबतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला रोजच्या कामात उपयोगी पडेल. लॉगशीटमध्ये प्रत्येक पासच्या इनलेट आणि आउटलेटमधल्या तापमानाचा फरक मांडत चला. वायूतला सल्फर डायऑक्साइड तेवढाच असताना पहिल्या पासची वाढ १८५ अंशांवरून १५० वर आली आणि त्याच वेळी दुसऱ्या पासची वाढ चढली, तर पहिल्या थरातला उत्प्रेरक थकला आहे किंवा वायू त्याला चुकवून जात आहे असे समजावे. दाबातला फरकही वाढला असेल तर थरावर धूळ बसली आहे, आणि शटडाउनमध्ये उत्प्रेरक काढून चाळावा लागेल. चिमणीतून वास येण्याच्या पुष्कळ आधी हे आकडे बोलू लागतात.

प्रश्न : थळच्या खत कारखान्याच्या परिसरात आम्ही राहतो. अमोनियाच्या कन्व्हर्टरमधून एका फेरीत जेमतेम पाचवा हिस्सा अमोनिया बनतो असे वाचले. ॲसिडचा कारखाना ९९.७ टक्के गाठतो, मग येथे एवढ्या कमी रूपांतरावर का थांबतात? (अलिबाग)

उत्तर : पेच तोच आहे, सोडवण्याची रीत वेगळी आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोगही उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा, आहे. लोखंडाच्या उत्प्रेरकाला ४०० ते ५०० अंश लागतात, आणि त्या तापमानाला समतोल इतका मागे असतो की १५० ते २०० वातावरण दाब देऊनही बाहेर पडणाऱ्या वायूत अमोनिया साधारण १५ ते २० टक्केच असतो. जर्मनीतल्या ओपाऊ येथे १९१३ मध्ये बीएएसएफने पहिला कारखाना सुरू केला तेव्हापासून यावरचा तोडगा एकच आहे. वायू थंड करून अमोनियाचा द्रव वेगळा काढायचा आणि उरलेला वायू पुन्हा कन्व्हर्टरमध्ये पाठवायचा.

ॲसिडच्या कारखान्यात अशी फेरी घालता येत नाही, कारण हवेबरोबर आलेला नायट्रोजन त्या वायूचा बहुतांश भाग असतो. तो फिरवत बसले तर यंत्रणा निरुपयोगी वायूनेच भरून जाईल. अमोनियाच्या वायूत नायट्रोजन हा कच्चा माल आहे, आणि आर्गॉन व मिथेन एवढेच निष्क्रिय घटक थोड्या प्रमाणात साठत जातात. त्यांच्यासाठी फिरत्या वायूचा लहानसा भाग सतत बाहेर काढला की पुरते. तरीही कन्व्हर्टरच्या पोटात उत्प्रेरकाचे दोन-तीन थर असतातच. जुन्या रचनेत दोन थरांच्या मध्ये थंड ताजा वायू सोडून तापमान उतरवत. ती रचना साधी खरी, पण मध्ये सोडलेला वायू आधीच्या थरांमधून गेलेलाच नसतो, म्हणजे तेवढ्या वायूपुरता आधीचा उत्प्रेरक वाया जातो. नव्या रचनांत म्हणून थरांच्या मध्ये एक्स्चेंजर घालतात, आणि वायू वरून खाली न सोडता थराच्या परिघाकडून मध्याकडे वाहवतात, त्यामुळे दाब कमी पडतो आणि उत्प्रेरकाचे बारीक दाणे वापरता येतात.

प्रश्न : रिफायनरीत नाफ्थाच्या (कच्च्या तेलातून निघणाऱ्या हलक्या द्रवाच्या) रिफॉर्मिंगला तीन किंवा चार रिॲक्टर एकापाठोपाठ असतात, आणि प्रत्येकाच्या आधी भट्टी. त्यांचे आकार मात्र सारखे नसतात. पहिला सर्वांत लहान आणि शेवटचा सर्वांत मोठा. याचे कारण वर्गात कोणी सांगितले नाही. (चेंबूर, रासायनिक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : प्रश्न फार नेमका आहे, आणि वर्गात तो राहून जातो याचे वाईट वाटते. टप्प्याटप्प्याच्या रचनेमागचा विचार इतका उघड दाखवणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

येथे ॲसिडच्या उलट परिस्थिती आहे. कमी ऑक्टेनच्या नाफ्थ्यापासून पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगा उच्च ऑक्टेनचा द्रव तयार करताना मुख्य अभिक्रिया उष्मा शोषून घेतात. मिथाइलसायक्लोहेक्झेनच्या एका रेणूतून हायड्रोजनचे तीन रेणू निघून टोल्युइन तयार होते, तेव्हा प्रत्येक मोलमागे सुमारे २०५ किलोज्यूल खर्ची पडतात. भट्टीतून ५०० अंशांच्या आसपास तापून आलेली वाफ प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला भिडते आणि थराच्या सुरुवातीच्या भागातच तापमान कोसळते. पहिल्या रिॲक्टरमध्ये ही घट साठ-सत्तर अंशांची किंवा त्याहूनही जास्त असू शकते. तापमान उतरले की वेगही उतरतो आणि समतोलही प्रतिकूल होतो. त्यामुळे थर कितीही लांब केला तरी खालचा भाग जवळजवळ निकामी राहील. सुरुवातीलाच सगळी उष्णता भरून द्यावी आणि नाफ्था ६५० अंशांना आत सोडावा, तर तो उत्प्रेरकापर्यंत पोहोचण्याआधीच भट्टीच्या नळ्यांमध्ये फुटून वायू आणि कोक (कार्बनचा घट्ट थर) बनू लागेल. म्हणून थोडी अभिक्रिया, पुन्हा भट्टी, पुन्हा थोडी अभिक्रिया, असा क्रम ठेवावा लागतो.

आता आकारांचे. नाफ्थ्यातल्या वलयाकार संयुगांतून हायड्रोजन निघण्याची अभिक्रिया अतिशय वेगवान आहे. ती पहिल्या रिॲक्टरमध्येच बरीचशी उरकते आणि उष्णताही तीच ओढून घेते. तेथे जास्त उत्प्रेरक भरून उपयोग नाही, कारण थंड झालेल्या वाफेला आधी भट्टीत जायचे असते. शेवटच्या रिॲक्टरमध्ये उरते ते चिवट काम, म्हणजे सरळ साखळीच्या पॅराफिनांना वळवून त्यांचे वलय तयार करणे. ही अभिक्रिया मंद असते, तिला अवधी लागतो, म्हणून एकूण उत्प्रेरकाचा जवळजवळ निम्मा भाग शेवटी असतो. शिवाय तेथे काही रेणू हायड्रोजनच्या सान्निध्यात फुटतात आणि ती क्रिया उष्णता देते, त्यामुळे शेवटच्या रिॲक्टरमधली तापमानातली घट अगदी थोडी दिसते. परीक्षेत कोणी चार रिॲक्टरचे तापमानाचे आलेख दिले आणि क्रम ओळखायला सांगितला, तर सर्वांत खोल दरी असलेला आलेख पहिल्या रिॲक्टरचा म्हणून बिनदिक्कत लिहावे.

या प्रक्रियेचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. व्लादिमिर हॅन्सेल यांनी अमेरिकेतल्या यूओपी कंपनीत प्लॅटिनमचा उत्प्रेरक सिद्ध केला आणि १९४९ मध्ये मिशिगन राज्यातल्या मस्केगन येथे पहिला प्लांट चालू झाला. इंधन बनवण्यासाठी प्लॅटिनम वापरायचे ही कल्पनाच त्या काळी अनेकांना परवडणारी वाटत नव्हती. कोक साठला की प्लांट थांबवून उत्प्रेरक जाळून स्वच्छ करावा लागे. कोक कमी व्हावा म्हणून दाब चढा ठेवत. पण चढा दाब हवे ते उत्पादन कमी करतो. १९७१ मध्ये त्याच कंपनीने यातून वाट काढली. रिॲक्टर एकावर एक रचले, उत्प्रेरकाचे गोळे आपल्याच वजनाने वरून खाली हळूहळू सरकत जातात, तळाशी पोहोचलेले गोळे वर नेऊन पुनरुज्जीवित करतात आणि प्लांट अखंड चालतो. त्यामुळे दाब पुष्कळ खाली आणता आला. येथे बाहेर पडणारा हायड्रोजन डिझेलमधले गंधक काढण्याच्या कामी येतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाने इंधनातले गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आणले, तेव्हापासून रिफायनरीत या हायड्रोजनाचे मोल आणखी वाढले आहे.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) आणि स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) यांपासून बायोगॅस करण्याचे चालले आहे. एक पुरवठादार एकच मोठा डायजेस्टर (माल कुजवण्याची बंद टाकी) सुचवतो, दुसरा दोन टप्प्यांचा. येथे तर तापमानाचा पेच नाही. मग दोन टप्पे कशासाठी? (सांगली जिल्हा)

उत्तर : येथे टप्पे पडतात ते जिवाणूंच्या स्वभावामुळे. सेंद्रिय पदार्थ फोडून आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि पाच-सहा सामूमध्येही (पीएचमध्येही) काम करतात. त्या आम्लापासून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात आणि त्यांना सामू साधारण ६.८ ते ७.४ लागतो. एकाच टाकीत भरणा एकदम वाढवला, तर आम्ल तयार होण्याचा वेग ते खपण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो, सामू घसरतो, मिथेन बनवणारे मंदावतात, आम्ल आणखी साठते, आणि टाकी पुन्हा मार्गावर यायला कित्येक आठवडे जातात. दोन टाक्या केल्या म्हणजे पहिली हा धक्का झेलते आणि दुसरीला मोजून खाऊ घालता येते. माझे मत असे की वर्षभर सारखाच माल मिळणार असेल तर एक टाकी पुरेशी आहे. गळीत हंगामात एक आणि हंगामानंतर दुसरेच असा माल येणार असेल, तर दोन टप्प्यांचा वाढीव खर्च सोसावा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सतत’ (SATAT) नावाच्या योजनेखाली तेल कंपन्यांना गॅस द्यायचा असेल, तर पुरवठ्यात खंड पडून चालणार नाही, हेही त्या हिशेबात धरावे.

प्रश्न : आमचा छोटा कारखाना आहे. जॅकेट (थंड द्रव फिरवणारे बाहेरचे आवरण) असलेल्या चार घनमीटरच्या एका रिॲक्टरमध्ये माल सतत सोडून आणि सतत काढून आम्हाला ८० टक्के रूपांतर मिळते. त्याऐवजी एक घनमीटरचे चार रिॲक्टर ओळीने लावले तर फायदा होईल असे सल्लागार सांगतात. एकूण आकारमान तेच राहून फायदा कसा होईल? अभिक्रिया बरीच उष्णता देते. (लोटे परशुराम)

उत्तर : सल्लागारांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी अर्धेच सांगितले आहे.

आधी फायद्याची बाजू. ढवळलेल्या टाकीत आत पडलेला माल क्षणात सगळीकडे पसरतो, त्यामुळे संपूर्ण टाकी बाहेर पडणाऱ्या मालाइतकीच विरळ असते आणि अभिक्रिया त्या विरळ अवस्थेच्या मंद वेगाने चालते. टाक्या ओळीने लावल्या की पहिल्या टाक्यांमध्ये माल तुलनेने दाट राहतो आणि वेग जास्त मिळतो. तुमची अभिक्रिया प्रथम कोटीची आहे, म्हणजे तिचा वेग मालाच्या दाटपणाच्या प्रमाणात असतो, आणि तापमान सगळीकडे तेच आहे असे धरू. तेवढ्याच आवकेवर एक घनमीटरच्या चार टाक्यांमध्ये रूपांतर ९३.७५ टक्के होईल. ९८ टक्के हवे असेल तर एकच टाकी ४९ घनमीटरची लागेल. ओळीने लावलेल्या चार टाक्यांचे एकूण आकारमान मात्र ६.६ घनमीटरच्या आसपास पुरेल. भांडवलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

राहिलेला अर्धा भाग उष्णतेचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या चार टाक्यांपैकी पहिलीतच ५० टक्के रूपांतर होते, दुसरीत २५, तिसरीत १२.५ आणि चौथीत ६.२५. आज तुमच्या मोठ्या टाकीत ८० टक्क्यांची उष्णता चार घनमीटरांत विभागली जाते, म्हणजे घनमीटरमागे २० हिस्से. नव्या पहिल्या टाकीत एका घनमीटरमध्ये ५० हिस्से, म्हणजे अडीचपट उष्णता निघेल. लहान टाकीला आकारमानाच्या मानाने जॅकेटचा पृष्ठभाग जास्त मिळतो हे खरे, पण टाकीची ठेवण तीच राहिली तर तो साधारण १.६ पटच वाढतो. आज जॅकेट जेमतेम पुरत असेल, तर उद्या पहिल्या टाकीत ते पुरणार नाही. शिवाय मोठ्या टाकीत कोणत्याही क्षणी २० टक्केच माल अभिक्रियेविना शिल्लक असतो. पहिल्या लहान टाकीत तो ५० टक्के असेल. ॲजिटेटर बंद पडला किंवा ब्राइनचा (थंड खारट पाण्याचा) पंप बसला, तर पेट घ्यायला तेवढा माल तयार असतो.

याचा अर्थ चार टाक्यांचा विचार सोडावा असा नाही. पहिल्या टाकीत जॅकेटच्या जोडीला थंड द्रव फिरवणारी कॉइलही घालावी, किंवा माल बाहेरच्या एक्स्चेंजरमधून फिरवून थंड करावा. दोन घटकांपैकी एक सगळा पहिल्या टाकीत देऊन दुसरा चारही टाक्यांमध्ये वाटून सोडता आला तर त्याहून चांगले, कारण मग उष्णताही वाटली जाते. मात्र त्याने वरचे रूपांतराचे आकडे बदलतील आणि हिशेब नव्याने करावा लागेल. टाक्या सारख्याच आकाराच्या असाव्यात असाही नियम नाही.

शीतकरण बंद पडले तर काय होते याचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यात १९ डिसेंबर २००७ रोजी पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या एका मँगनीजयुक्त द्रव्याची बॅच चालू असताना शीतकरण बंद पडले आणि स्फोटात चार जणांचा मृत्यू झाला. ती तेथली १७५ वी बॅच होती. चौकशीत असे दिसले की तापमान एका मर्यादेपलीकडे गेल्यावर सोडियम आणि द्रावक यांच्यात दुसरी, अधिक दाहक अभिक्रिया सुरू होते, याची कारखान्याच्या मालकांना कल्पना नव्हती. आणि पाणी बंद पडल्यास शीतकरणाची दुसरी कोणतीही व्यवस्था नव्हती. आधीच्या इतक्या बॅच पार पडल्या, यावरून पुढचीही पडेल असे कोणालाही वाटले असते. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी तुमच्या मालाची रिॲक्शन कॅलरीमेट्री (अभिक्रियेतून निघणाऱ्या उष्णतेचे प्रयोगशाळेतले मापन) करून घ्यावी आणि तीन आकडे सल्लागारांकडून लेखी मागावेत: अभिक्रियेची एकूण उष्णता, शीतकरण बंद पडल्यास पहिल्या टाकीतला माल किती अंशांपर्यंत तापेल, आणि त्या तापमानाला दुसरी एखादी अभिक्रिया किंवा विघटन सुरू होते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर टाक्यांची संख्या ठरवण्याआधी पहिल्या टाकीसाठी स्वतंत्र विजेवर चालणारा ब्राइनचा दुसरा पंप, आवक आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह आणि पुरेशा मापाची रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती) यांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.